आग होणारा चेहरा आणि सनस्क्रीनची स्टिक : एका शिक्षिकेचं प्रकरण

संवेदनशील त्वचेवर सनस्क्रीनची स्टिक (लिपस्टिकसारखी थेट त्वचेवर फिरवायची घट्ट कांडी) रोज वापरावी का, असं विचारणाऱ्या बायका-मुली अलीकडे दवाखान्यात खूप येतात. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं, पण त्याला दोन अटी असतात. पुरेशी लागली पाहिजे आणि चोळली जाता कामा नये. ऐकायला सोप्या वाटतात, पण या दोन्ही अटी एकमेकींच्या आड येतात. पुरेशी लावायला जावं तर घासणं वाढतं, आणि घासणं टाळावं तर थर पातळ राहतो. हा गुंता कसा सुटू शकतो, ते खालच्या प्रकरणात नीट दिसलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण कोण आणि तक्रार काय

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका, चाळिशीच्या उंबरठ्यावर. राहायला लातूर शहरात, शाळा वीसेक किलोमीटरवरच्या गावात, जाणं-येणं स्कूटीवर. सकाळी परिपाठ उघड्या मैदानात, दुपारी पोषण आहाराच्या वेळी पुन्हा अंगणात, शिवाय मतदारयादीचं काम आलं की घरोघर फिरणं. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते आणि सुटते ती भर दुपारी, म्हणजे परतीचा रस्ता दिवसातल्या सगळ्यात वाईट उन्हात.

दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर आणि कपाळावर वांग. पहिल्या बाळंतपणानंतर आलेला, मग कमी-जास्त होत राहिलेला. त्या मात्र आल्या होत्या वेगळ्याच तक्रारीसाठी. “मॅडम, तोंडाला काहीही लावलं की नुसती आग होते बघा. नुसतं पाणी लागलं तरी चरचरतं.” चेहरा लाल, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, हनुवटीवर पुटकुळ्या, कानशिलांजवळ लव वाढलेली. अशा चेहऱ्याला मी पहिला प्रश्न एकच विचारते : कोणतं मलम लावत होता आणि किती दिवस?

एका सहकारी बाईंनी वांगासाठी सुचवलेली ट्यूब होती. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळाली, पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून दोन वर्षं सुरू राहिली. ट्यूबवर तीन नावं : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड. वांगावर हे मिश्रण डॉक्टरच्या देखरेखीखाली मोजके आठवडे वापरतात आणि तेवढ्यात त्याचा गुणही येतो. महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, तिचं वरचं संरक्षक आवरण कमकुवत होतं आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो. तो पेटला की माणूस घाबरून पुन्हा तेच मलम लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती काउंटरवरून सर्रास हातात पडतात, आणि ‘माझी स्किन जन्मापासून सेन्सिटिव्ह आहे’ असं सांगणाऱ्या कितीतरी जणींच्या पर्समध्ये अशी एखादी ट्यूब सापडते. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. जन्मजात नाजूक त्वचा असतेच. एक्झिमाच्या, रोझेशियाच्या (चेहरा वारंवार लाल होण्याचा आजार) रुग्णांची असते. पण आपल्याकडे नाजूक त्वचा मोठ्या प्रमाणावर तयार केली जाते आहे.

बाईंनी बरोबर दोन स्टिक आणल्या होत्या. भाचीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवून मागवून दिलेल्या. एक पारदर्शक, सुवासिक, चेहऱ्यावर अजिबात न दिसणारी. दुसरी पांढरी, झिंक ऑक्साइडची. प्रश्न साधा होता : यातली कुठली रोज लावू?

आधी काहीच नाही

सुरुवातीचे काही आठवडे मी दोन्हीही लावू दिल्या नाहीत. स्टेरॉइड सुटताना चेहरा जो भडकतो, त्यावर सगळ्यात सौम्य सनस्क्रीनही झोंबतं, आणि मग त्या वस्तूची जी धास्ती बसते ती पुढे वर्षभर जात नाही. स्टेरॉइड कसं उतरवलं, मधल्या काळात कोणती औषधं दिली, ते इथे लिहीत नाही. कुणी वाचून स्वतःच आणू नये, एवढंच कारण. बाकी दिनक्रम अगदी साधा ठेवला : कोमट पाणी, बिनसुगंधी मॉइश्चरायझर, आणि उन्हासाठी कापड, छत्री, सावली.

कापडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे स्कूटीवरच्या बायका स्कार्फ बांधतात आणि तो पुरेसा आहे असं धरून चालतात. पातळ, पांढरं, झिरझिरीत सुती कापड अतिनील किरण बऱ्यापैकी आत येऊ देतं, आणि घामाने ओलं झालं की आणखी जास्त. कापड उजेडासमोर धरायचं. पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर ते दुहेरी करायचं किंवा गडद, घट्ट विणीचं घ्यायचं. बाईंनी गडद निळा, मऊ सुती स्कार्फ घेतला. सिंथेटिक स्कार्फ गालावर घासून घासून आग वाढवतो, तो बंद केला.

परिपाठाची जागाही बदलली. मुख्याध्यापकांशी त्या स्वतः बोलल्या आणि मुलांच्या रांगा मैदानाच्या मध्यातून उठून इमारतीच्या सावलीत आल्या. या सगळ्या उपचारातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही. त्यात पोरांचाही फायदा झाला.

स्टिक निवडताना

चेहऱ्याची लाली उतरली, पाण्याने चरचरणं थांबलं, तेव्हा स्टिकचा विषय पुन्हा काढला. मार्च लागला होता.

अशा त्वचेला लोशनपेक्षा स्टिक सोसण्याची शक्यता का जास्त, ते समजून घेण्यासारखं आहे. लोशन आणि जेलमध्ये पाणी असतं. पाणी आलं की त्यात जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह आलं, आणि लवकर सुकावं म्हणून पुष्कळदा अल्कोहोलही आलं. कमकुवत आवरणाच्या चेहऱ्यावर झोंबतात ती बहुधा हीच मंडळी. स्टिक म्हणजे मेण, तेलं, सिलिकोन आणि त्यात मिसळलेले सनस्क्रीनचे घटक. पाणी जवळपास नसतंच. दुसरं म्हणजे मेणामुळे ती जागची हलत नाही. घामाबरोबर पापण्यांवरून डोळ्यांत उतरून चुरचुरणारं सनस्क्रीन कित्येक जणींनी कायमचं सोडून दिलेलं असतं. डोळ्यांभोवती स्टिक फार कामाची. तिसरं, बोटं लागत नाहीत. खडूने माखलेल्या हातांना हे किती सोयीचं आहे, ते शिक्षकांना सांगायला नको.

पण सगळ्या स्टिक सारख्या नाहीत. ज्या स्टिक पारदर्शक असतात त्यांत सहसा झिंक नसतं, कारण पुरेसं झिंक घातलं की पांढरेपणा येतोच. त्यांत रासायनिक फिल्टर, म्हणजे अतिनील किरण शोषून घेणारी रसायनं असतात : होमोसॅलेट, ऑक्टोक्रिलीन, एव्होबेन्झोन, किंवा नव्या पिढीतले बेमोट्रिझिनॉलसारखे. रासायनिक म्हटलं म्हणून ते वाईट ठरत नाहीत. नव्या फिल्टरपैकी काही तर त्वचेला बरेच सौम्य आहेत. बाईंच्या पारदर्शक स्टिकमध्ये मात्र ऑक्टोक्रिलीनबरोबर लिंबूवर्गीय तेल, लव्हेंडर तेल आणि वर ‘परफ्यूम’ असं सगळंच होतं. ती भाचीला परत गेली.

ऑक्टोक्रिलीनच्या संदर्भात मी एक प्रश्न सगळ्यांनाच विचारते, आणि लोकांना तो विचित्र वाटतो : गुडघ्याला, खांद्याला दुखण्यावरचं जेल कोणतं लावता? कीटोप्रोफेन असलेलं जेल लावलेल्या जागी ऊन लागलं तर काहींना ॲलर्जी उठते, आणि एकदा ती जडली की ऑक्टोक्रिलीन किंवा ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीनही त्यांना सोसेनासं होऊ शकतं. बाई तसलं जेल वापरत नव्हत्या, म्हणून हा धागा तिथेच सोडला.

आता पांढरी स्टिक. झिंक ऑक्साइड नाजूक त्वचेला सहसा झोंबत नाही आणि त्याची ॲलर्जी अगदी विरळा. पण गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर ती कशी दिसते? बाई म्हणाल्या, “पिठात तोंड घातल्यासारखं दिसतंय. पोरं हसतील.” ही तक्रार वरवरची समजून मी कधीच बाजूला सारत नाही. जी वस्तू लावून वर्गात उभं राहायला लाज वाटते, ती माणूस रोज लावत नाही, आणि लावलीच तर पुसट लावतो.

वांगाच्या रुग्णांसाठी इथे आणखी एक मुद्दा येतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर अतिनील किरणांखेरीज डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः निळा-जांभळा भाग, डाग गडद करतो. साधं झिंक किंवा पारदर्शक स्टिक तो फारसा अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा देणारं पिवळं, तांबडं, काळं रंगद्रव्य. त्यामुळे छटा असलेली झिंकची स्टिक दोन्ही कामं करते. पांढरेपणा झाकते आणि वांगालाही आधार देते. वेष्टनावर ‘टिंटेड’ एवढं वाचून भागत नाही. घटकांच्या यादीत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे क्रमांक शोधायचे. ते आयर्न ऑक्साइडचे. बाईंना तशी, बिनसुगंधी, एसपीएफ ५० आणि पीए++++ लिहिलेली स्टिक मिळाली. यूव्हीए आणि यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन प्रकार. पीए हे जपानमधून आलेलं मापन यूव्हीए किरणांबद्दल सांगतं, एसपीएफ प्रामुख्याने यूव्हीबीबद्दल. काचेतून आत येतात ते यूव्हीए, म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्यांनाही पीएपुढची अधिकचिन्हं बघायला सांगते.

चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला, त्याच एका जागी, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून पाहिली. एकदाच लावून तासाभराने ‘काही झालं नाही’ म्हणणं म्हणजे चाचणी नव्हे. ॲलर्जी पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी उठते. लावल्याबरोबर चुरचुरून पाच-दहा मिनिटांत शमलं तर तो झोंबरेपणा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज आणि बारीक पुरळ आलं तर ॲलर्जीचा संशय. आणि फक्त ऊन लागलेल्या भागावरच उठलं तर ऊन आणि औषध दोघं मिळून काहीतरी करतायत असं समजायचं. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. बाईंच्या कोपरावर काही उठलं नाही. मग दोन दिवस कानामागे, आणि नंतर चेहऱ्यावर.

रोज लावूनही वांग गडद

एप्रिलच्या मध्यात त्या आल्या त्या नाराज होऊनच. आग नव्हती, लाली नव्हती, पण वांग स्पष्ट गडद झाला होता. “एक दिवस चुकवला नाही मॅडम. सकाळी लावते, सुटताना लावते. स्टिकच बोगस असेल.”

स्टिक उघडून पाहिली. महिनाभर रोज दोनदा वापरलेली, आणि जेमतेम अर्धी संपलेली. मला जे समजायचं ते तिथेच समजलं, पण त्यांना ते आकड्यात दाखवायचं होतं. त्यांच्या दिरांचं सराफी दुकान आहे. मी म्हटलं, सोन्याच्या काट्यावर स्टिक ठेवा, वजन लिहून घ्या, नेहमीसारखी चेहऱ्याला लावा, पुन्हा वजन करा.

फरक निघाला ०.१८ ग्रॅम.

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर देऊन. प्रौढ स्त्रीचा चेहरा साधारण ५५० चौरस सेंटिमीटर धरा, मान वेगळी. म्हणजे वेष्टनावरचे ५० मिळायला एका वेळी १.१ ग्रॅम लागायला हवं. बाईंच्या चेहऱ्यावर पोचत होता त्याचा सहावा हिस्सा. एवढ्या पातळ थराला ५० चं संरक्षण मिळत नाही, त्याच्या जवळपासही नाही. उलटा हिशेब करून पाहिला तरी तेच. २० ग्रॅमची स्टिक नुसत्या चेहऱ्याला एकदा पूर्ण मात्रेत लावली तर अठरा-एकोणीस वेळांत संपते. जिची स्टिक रोज वापरून तीन-चार महिने पुरते, तिच्या चेहऱ्यावर सनस्क्रीन फार थोडं पोचतं आहे.

लोशन कमी लावलं जातं हे आम्हा त्वचारोगतज्ज्ञांना जुनं ठाऊक आहे. बहुतेक लोक ठरलेल्या मात्रेच्या चौथाई ते निम्मंच लावतात. स्टिकमध्ये ही फसगत आणखी सहज होते, कारण ती फिरवल्यावर हाताला गुळगुळीत लागतं आणि मनाला वाटतं, लागली. बोटांवर घेतलेल्या लोशनचा निदान अंदाज तरी येतो. पारदर्शक स्टिकने तर कुठे लागली आणि कुठे सुटली तेही कळत नाही. नाकाच्या कडा, डोळ्यांचा आतला कोपरा, केसांची रेष, वरचा ओठ आणि कान या जागा जवळजवळ नेहमी सुटतात. स्टिकचं टोक सपाट आणि चेहऱ्याला उंचसखलपणा. बाईंच्या वरच्या ओठावरचा वांग सगळ्यात गडद झाला होता, तो याचमुळे.

आणि एप्रिल म्हणजे काय ऊन! लातूरच्या अक्षांशावर मेच्या मध्याच्या सुमाराला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात ११ आणि वरचा आकडा ‘अतितीव्र’ धरतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी तो गाठला जातो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की ऊन जोरात आहे असं समजावं, ही खूण मी शाळेतल्या मुलांनाही सांगायला लावते.

मात्रा वाढवली आणि गाल लाल झाले

स्टिक प्रत्येक भागावर चार वेळा पुढे-मागे फिरवावी, असं सर्वसाधारणपणे सांगतात. निरोगी त्वचेला ते ठीक आहे. बाईंनी ते मनावर घेतलं, रोज नेटाने चार-चार हात फिरवू लागल्या, आणि आठवड्यात गालांची हाडं लाल झाली. पुन्हा चरचर. त्यांनी स्टिक बंद केली आणि फोन केला.

लाली होती फक्त घासलं गेलं त्या उंचवट्यांवर. डोळ्यांखाली, जिथे हलका हात लागला होता, तिथे काहीच नव्हतं. घटकांची ॲलर्जी असती तर ती पातळ पापण्यांवर आधी दिसली असती. म्हणजे दोष स्टिकमधल्या द्रव्यांचा नव्हता, ओढण्याचा होता. झिंकची स्टिक मुळातच घट्ट असते. सकाळी पंख्याखाली ती आणखी कडक होते, आणि कोरड्या गालावरून ओढली की त्वचा तिच्याबरोबर ओढली जाते.

तेव्हा आम्ही पद्धत बदलली. आधी मॉइश्चरायझर, आणि ते मुरायला थोडा वेळ. मग स्टिक हाताच्या पाठीवर दोन-चार वेळा फिरवून तिचं टोक मऊ करायचं. चेहऱ्यावर ती ओढायची नाही. टेकवायची, एका दिशेने हलकेच सरकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. चार हात सलग देण्याऐवजी दोन हात देऊन डबा भरायचा, वेणी घालायची, आणि मग उरलेले दोन. पातळ दोन थर बसतात आणि एका वेळचं घासणं निम्म्यावर येतं. नाकाच्या कडा आणि वरचा ओठ यांसाठी स्टिकवरून बोट फिरवून त्या बोटाने थोपटायचं. इथे बोटं लागतात, आणि लागू द्यावीत.

एवढं करूनही पूर्ण चेहऱ्याला दोन्ही वेळा १.१ ग्रॅम बसवणं त्यांच्या गालांना झेपणारं नव्हतं. हिशेब सुटला तो स्कार्फमुळे. स्कूटीवर असताना दुहेरी स्कार्फने गालांचा खालचा भाग, हनुवटी आणि मान झाकलेली असते. उघडं राहतं ते कपाळाचा खालचा पट्टा, डोळ्यांभोवतीचा भाग, नाक आणि गालांची हाडं, म्हणजे चेहऱ्याचा साधारण तिसरा हिस्सा. तेवढ्याला ०.३५ ग्रॅमच्या आसपास पुरतं. स्टिक फक्त तिथे, पण पुरेशी. उरलेल्या चेहऱ्यावर एकच हलका थर, शाळेतल्या सावलीपुरता. पुन्हा सराफी काट्यावर वजन झालं : एका वेळी ०.४ ग्रॅमच्या वर. गाल शांत.

माझं ठाम मत आहे की नाजूक त्वचेवर स्टिक एकटीने सगळा चेहरा सांभाळू शकत नाही, तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. मोठी जागा कापडाने किंवा लोशनने झाकावी, आणि कापड जिथे पोचत नाही, लोशन जिथून ओघळतं, दुपारी जिथे पुन्हा लावायचं असतं, तिथे स्टिकसारखी दुसरी वस्तू नाही.

बाकीच्या रोजच्या गोष्टी

स्टिक डिकीत ठेवायची नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. उन्हात उभ्या स्कूटीची डिकी इतकी तापते की मेण वितळतं, आणि थंड झाल्यावर ते पुन्हा घट्ट होताना झिंक सगळीकडे सारखं राहीलच असं नाही. त्यांची पहिली स्टिक अशीच दाणेदार झाली, ती टाकून दिली. आता ती पर्समध्ये, कापडात गुंडाळून, वर्गात असते.

दुपारी दुसऱ्यांदा लावताना आधी घाम टिपायचा. पुसायचा नाही, टिपायचा. घामावर फिरवलेली स्टिक सरकते आणि डाग-डाग दिसते. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून स्कार्फ बांधायचा, नाहीतर अर्धी स्टिक कापडावर जाते. स्टाफरूममध्ये एकीची स्टिक सगळ्यांनी फिरवायची नाही. ती थेट त्वचेला लागते, आणि कुणाच्या ओठाजवळ हर्पिसचे (तापाचे) फोड असतील किंवा पिकलेल्या पुळ्या असतील तर संसर्ग पसरायला तेवढं पुरतं. पुळीवरून फिरली तर वरचा थर टिश्यूने काढून टाकायचा.

संध्याकाळची धुलाई तर फार महत्त्वाची. मेणाचा थर साबणाने निघत नाही म्हणून बाई घासणीने तोंड धूत होत्या. दिवसभर जपलेली त्वचा संध्याकाळी सोलून काढण्यातला प्रकार. सौम्य क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम कोरड्या चेहऱ्यावर बोटांनी हलकेच फिरवून, मग बिनसाबणाच्या फेसवॉशने धुवायला सांगितलं. हनुवटीवर येणाऱ्या बारीक पुळ्या त्यानंतर कमी झाल्या. मेणाळ स्टिकने तेलकट, मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रं भरू शकतात. तरुण मुलींना मी म्हणून स्टिक पूर्ण चेहऱ्याला सहसा सुचवत नाही.

त्यांनी ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दलही विचारलं. रोजच्या वापरातला सनस्क्रीनचा थर इतका परिपूर्ण नसतो की त्यापायी ‘ड’ थांबावं. शंका असेल तर रक्त तपासावं आणि गोळी घ्यावी. वांग असलेल्या गालांवर ऊन घेऊन ते मिळवायला जाऊ नये.

खर्चाचाही विचार केला पाहिजे. अशा मात्रेने २० ग्रॅमची स्टिक महिन्याभरात संपते. बाईंना ते परवडतं. शेतात खुरपायला जाणाऱ्या, भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला मी स्टिक लिहून देत नाही. तिला रुंद काठाची टोपी किंवा पुढे ओढलेला पदर, दुहेरी गडद कापड आणि बसायला सावलीची बाजू सांगते. त्यात तिचं काही कमी होतं असं मला वाटत नाही. घट्ट विणीचं कापड दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही.

पुढे काय झालं

मेची सुट्टी लग्नसराईत गेली. दोन लग्नांत मेकअपखाली सनस्क्रीन राहून गेलं आणि कपाळ थोडं काळवंडलं, तेवढंच. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्वचा इतपत सावरली होती की छटा असलेलं झिंकचं लोशन घरून निघताना पूर्ण चेहऱ्याला लावून पाहिलं. पहिले काही दिवस किंचित चुरचुर, मग काही नाही. तेव्हापासून सकाळी लोशन आणि दुपारी सुटायच्या आधी स्टिक, असा क्रम आहे. ढगाळ दिवसांतही तो सुरू ठेवायला सांगितला. ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी येतात, आणि जुलैच्या अखेरीला सूर्य लातूरवर पुन्हा एकदा डोक्यावरून जातो.

दिवाळीनंतर पाहिलं तेव्हा गालांवरचा वांग बराच फिकट झाला होता. वरच्या ओठावरचा आहे, पण जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाही. आग नाही. रक्तवाहिन्यांची जाळी मात्र तशीच आहे. स्टेरॉइडने उमटवलेली ही खूण सनस्क्रीनने जात नाही, त्यासाठी लेसरचा विचार करता येईल, पण उन्हाळा तोंडावर असताना नाही. वांगावरचं उपचाराचं औषध आता सुरू केलं आहे, स्टेरॉइड नसलेलं आणि कमी तीव्रतेचं.

ती ट्यूब सुचवणाऱ्या सहकारी बाईही त्यांच्याबरोबर आल्या होत्या. त्यांच्या गालांवरही तीच जाळी आहे. त्यांनीही नवीकोरी स्टिक आणली होती. ती सध्या बाजूला ठेवायला सांगितली आहे; आधी मलम उतरवायचं आहे.